वसुधा ठळक

टाइपरायटरचा फॉन्ट लोकांना कशाला लागतो ते मला विचारा. लग्नपत्रिकेला लागतो, कारण हल्लीच्या नवरानवरीला आपली पत्रिका कोर्टाच्या समन्ससारखी दिसायला हवी असते आणि त्यात त्यांना फार गंमत वाटते. लोणच्याच्या बाटलीला लागतो. प्रायोगिक नाटकाला तर लागतोच. नाहीतर ते प्रायोगिक आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं? ज्यांनी जन्मात टाइपरायटरला हात लावला नाही अशी पंचविशीतली पोरं मला फोन करून सांगतात, "मॅम, थोडा जुना फील पाहिजे." मी बरं म्हणते. आमचं घर त्या जुन्या फीलवर चालतं.

मी गंधाली. कॉम्प्युटरसाठी मराठी अक्षरं तयार करते. पार्ले पूर्वेला, ज्या घरात वाढले त्याच घरात वडिलांबरोबर राहते. वडिलांना मी भाऊ म्हणते, कारण त्यांचे धाकटे भाऊ त्यांना भाऊ म्हणायचे आणि मला लहानपणी तेच त्यांचं नाव वाटलं. आमच्या डोक्यावरून विमानं जातात. विमान आलं की पार्ल्यातला माणूस वाक्य अर्धं सोडून थांबतो आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, आम्हाला कळतही नाही.

माझ्या सगळ्या फॉन्ट्समध्ये जो सगळ्यात जास्त खपला, त्याचं नाव 'वसुधा ठळक'. वसुधा म्हणजे माझी आई.

आई अंधेरीला एका वकिलांकडे टायपिस्ट होती. कोर्टाचे कागद. वर मूळ प्रत आणि खाली कार्बन घालून आणखी पाच. सगळ्यात खालच्या कागदावर अक्षर उमटायचं तर वरच्यावर हाणावंच लागतं. आई हाणायची. एरवी इतकी हळू बोलणारी बाई, पण मशिनवर बसली की शेजारच्या खोलीत बोलणं अवघड. रिटायर झाली तेव्हा वकिलांनी ते मराठी मशीन तिला देऊन टाकलं, आणि ते आमच्या आतल्या खोलीत खिडकीखाली येऊन बसलं.

लॉकडाऊनमध्ये मला काम नव्हतं आणि तिला करमत नव्हतं. मी म्हटलं, आई, मला सगळी अक्षरं मारून दे.

"किती वेळा मारू?"

"कंटाळा येईपर्यंत."

"मग संपलंच," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.

तिने रिमच्या रिम संपवले. मी त्यातून प्रत्येक अक्षराचे तीन नमुने निवडले. एकच नमुना घेतला तर 'काका'मधले दोन्ही क तंतोतंत सारखे दिसतात आणि खोटेपणा लगेच कळतो. तीन असले की प्रोग्रॅम ते आलटून पालटून वापरतो. बाकी मी काही साफसूफ केली नाही. शिरोरेषा कुठेच एका ओळीत नव्हती. र जरा वर उडालेला. कडा शाईने फुगलेल्या. ठळकपणा माझ्या डिझाइनचा नव्हता, तो पाचव्या कार्बनपर्यंत पोचायच्या तिच्या सवयीचा होता.

झकास चालला फॉन्ट. विकला गेला तितकाच चोरलाही गेला. जोगेश्वरीच्या औषधाच्या दुकानावर दिसायला लागला, मुलुंडच्या एका जिमच्या बोर्डावर, घाटकोपरला फरसाणाच्या पाकिटांवर. आई रिक्षातून जाताना बाहेर बोट करायची. "ते बघ, मी."

"आई, ती जिम आहे."

"असू दे की. मी आहे ना तिथे."

त्यानंतर तिला आजार झाला. सुरुवात उजव्या करंगळीपासून. पदराची पिन लागेना. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग सबंध उजवा हात. मग डावा. डॉक्टरांनी कागदावर मेंदूपासून बोटापर्यंत रेघा काढून दाखवल्या आणि सांगितलं की या रेघा एकेक करून विझत जातात, याला औषध नाही. हातांनंतर बोलणं गेलं. एका श्वासात दोन शब्द, थांबायचं, पुन्हा दोन शब्द. शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख होतं. मला कुणी त्या आजारातलं सगळ्यात वाईट काय म्हणून विचारलं तर मी हेच सांगेन. भाऊंनी तिचं सगळं केलं, मी निम्मंच केलं. गेल्या वर्षी मार्गशीर्षात ती गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आजही नाही. पण सगळे उन्हात उभे होते, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, आणि कावळे समोरच्या पत्र्यावर बसून नुसते मान वाकडी करत होते. भाऊ म्हणाले, मी गंधालीकडे बघेन. कावळा हलला नाही. लवूमामाने, म्हणजे आईच्या भावाने, गावच्या देवीचं काहीतरी कबूल केलं. तरी नाही. मामा माझ्याकडे वळला. "गो, तूच काय ता बोल. तिचो जीव खंयतरी अडाकलो हा."

मला आधी राग आला. मग तोंडात जे आलं ते मी बोलले. "आई, तुझं अक्षरांचं काम मी बंद पडू देणार नाही."

कावळा लगेच उतरला. पिंडावर चोच मारली, भात घेतला आणि गेला. मामाने डोळे पुसले. घरी येताना रिक्षात तो दोनदा म्हणाला की बरं झालं, सुटली.

*

मे महिन्यात निहारचा फोन आला. निहार माझ्याबरोबर कॉलेजात होता, आता मालाडला त्याचा कॅफे आहे. त्याचा मेन्यू, बोर्ड, कपांवरची ओळ, सगळं वसुधा ठळकमध्ये.

"गंधाली, तुझ्या फॉन्टची वाट लागलीय यार."

"काय झालं?"

"नवा मेन्यू छापला. चहातला च उडालाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे हा म्हणजे काय?"

मी म्हटलं छापणाऱ्याला झाप. त्याने फोटो पाठवला. च पूर्ण गेला नव्हता. राखाडी, वरचा भाग थोडा, खाली काही नाही. शिऱ्यातला श तसाच. मलईतला ई ठसठशीत आणि खालच्याच ओळीत पियूषमधला य नुसती सावली. बाकी अक्षरं दणदणीत. टोनर संपत आला तर सगळंच फिकं होतं, निवडून तीन अक्षरं होत नाहीत. मी त्याच्याकडून फाइल मागवली आणि माझ्या प्रिंटरवर काढली. तेच.

फॉन्टची मूळ फाइल उघडली. तिथे च काळाकुट्ट, जसा मी ठेवला होता तसा. कडेची शाईसुद्धा जागेवर. पुन्हा मेन्यू छापला. फिकाच.

मग मी माझ्या धंद्यातली गोष्ट केली. छापलेलं पान स्कॅन करून त्यातले सगळे च कापले आणि एकावर एक ठेवून बघितले. फॉन्टमध्ये च तीन आहेत. म्हणजे पानावर कितीही आले तरी तीन तऱ्हांचेच असायला हवेत. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एक जरा डावीकडे कललेला, एक जास्त फिका, एकाचा पाय लागलाच नव्हता. उरलेली अक्षरंही तपासली. तीच कथा. दोन क सारखे नाहीत, दोन म सारखे नाहीत. कुणीतरी ते पान अक्षर-अक्षर मारलं होतं.

मी दोन वर्षांपूर्वीची एक लग्नपत्रिका कपाटातून काढली. तेव्हा छापलेली, ठळक, सगळी अक्षरं जागेवर. तिचीच फाइल आता छापली. नवरीचं नाव श्वेता. श दिसेना.

मग मी आतल्या खोलीत गेले आणि मशिनवरचं कव्हर काढलं. लहानपणी आईने बोटं कशी ठेवायची ते शिकवलं होतं. ठेवली. च, य आणि श, तिन्ही उजव्या करंगळीखाली येत होते.

मी कव्हर परत घातलं आणि भाजी आणायला गेले.

*

पुढचे काही आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय? मग एकदा दुपारी काम करताना कॉम्प्युटरवर फॉन्टची नावं उघडली. प्रत्येक नाव आपापल्या अक्षरात दिसतं तिथे. खाली जाता जाता 'वसुधा'पाशी थांबले. व आणि स जवळजवळ नव्हते. धा तेवढा उरला होता.

व, स आणि ण. करंगळीशेजारचं बोट.

आता मला पुढचं माहीत होतं. पुढे कोणतं बोट, त्यानंतर कोणता हात, त्यानंतर काय, सगळं मी एकदा बघितलं होतं. दीड वर्ष लागलं होतं त्याला.

मी भाऊंना सांगायला बाहेर आले. ते घरात नव्हते. खाली जिन्याजवळ सोसायटीच्या नोटीसबोर्डापुढे उभे होते, हात पाठीमागे बांधून. आमच्या सेक्रेटरीने कुठून तरी चोरून वसुधा ठळक मिळवला आहे आणि पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्या नोटिशी तो त्यातच काढतो. त्याला ठाऊकही नाही की वसुधा म्हणजे पहिल्या मजल्यावरची वसुधाकाकू.

"भाऊ, वर चला ना. बोलायचंय."

"दुसरं बोट गेलं," भाऊ म्हणाले. नोटिशीवरची नजर त्यांनी काढली नाही.

"तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"च गेला तेव्हापासून. मला वाटलं मलाच दिसतंय." विमान आलं. ते थांबले. विमान गेलं. "वाटलं, म्हातारपण. डोळे."

आम्ही वर आलो. मी त्यांना सगळं दाखवलं, एकावर एक ठेवलेले च, पत्रिका, मशिनवरच्या कळा. भाऊ जन्मभर हिशेबतपासनीस होते. पुरावा नीट बघायची त्यांना सवय आहे. त्यांनी सगळं बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे हे सगळं तीच मारतेय," ते म्हणाले. "मालाडचंही, मुलुंडचंही. जो कोण छापेल त्याचं."

माझ्या डोक्यात जिम, फरसाण, लोणची, वाढदिवसाचे बॅनर, कुणाकुणाच्या मुंजी फिरत होत्या. सबंध मुंबईचं काम आणि माझी एकटी आई.

"बंद करते मी फॉन्ट," मी म्हटलं.

"नको."

"भाऊ, ती पुन्हा आजारी पडतेय. तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय. पण बंद केलास तर तेही दिसणार नाही." ते चष्मा पुसायला लागले. "निदान आहे तरी, गं."

खरं सांगायचं तर मलाही ते वाटत होतं. प्रत्येक नव्या पानावर तिचं अक्षर नव्याने पडत होतं, आज, आत्ता, आणि त्यातला जोर अजून तिचाच होता. असं कुणाला मिळतं? मी कितीतरी वेळा उगाचच काहीबाही टाइप करून छापलं होतं आणि पानावर हात फिरवत बसले होते. त्या प्रत्येक पानाचे कष्ट तिला पडले, हे कळल्यावर मात्र माझे हात थांबले.

*

तरी मी फॉन्ट विक्रीतून काढला. ज्यांनी ज्यांनी घेतला होता त्यांना कळवलं की दोष आहे, वापरू नका, दुसरा फुकट देते. काहींनी बदलला. बाकीच्यांची उत्तरं वाचून डोकं फिरलं. एक मुलगी म्हणाली, "मॅम, प्लीज ठीक करू नका, हे फेड होणं किती ऑथेंटिक वाटतं." एका नाटकवाल्याने तर आधीपेक्षा मोठं पोस्टर काढलं. जुन्या फीलला आता आणखी जुना फील आला होता. चोरलेल्या प्रती कुणाकुणाकडे होत्या ते तर देवालाच माहीत. जितकी अक्षरं विझत गेली तितकं आईचं काम वाढत गेलं.

पावसाळ्यात मधलं बोट गेलं. त्या बोटाखाली काना होता, आणि मशिनवर भ, ध अशी अक्षरंसुद्धा अर्ध्या अक्षराला काना जोडूनच होतात. मराठी मशिनवर काना गेला म्हणजे काय होतं ते बघायचं असेल तर आमच्या नोटीसबोर्डावर बघायचं होतं. अर्धी अक्षरं आधाराशिवाय उभी होती. सेक्रेटरीने प्रिंटर दुरुस्तीला दिला.

भाऊ रोज खाली जायचे. वर येऊन नुसतं सांगायचे. र हलका झाला. न लागत नाही. मग एकदा म्हणाले, "डाव्या हातालाही सुरू झालं." आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. कुणी जेवलं नाही.

आणि मग मोकळ्या जागा वाढल्या.

मी निहारला सांगून मेन्यू कधीच बदलून घेतला होता, पण त्याने कॅफेच्या वर्धापनदिनाचं एक पत्रक जुन्या सवयीने वसुधा ठळकमध्ये केलं आणि मला पाठवलं. दोन शब्द. मग मोठी जागा. पुन्हा दोन शब्द. मग त्याहून मोठी जागा. खालच्या ओळींत एकेकच शब्द होता. निहार म्हणाला, "हे स्पेसिंग असं का येतंय? मी काहीच केलं नाही."

मी ते पान भाऊंपुढे ठेवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. जिथे जागा होती तिथे थांबून वाचलं. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आईसारखा झाला, म्हणजे तिच्या शेवटच्या महिन्यांतल्यासारखा, आणि त्यांनी पान उलटं करून ठेवलं.

"पुरे," ते म्हणाले. "मी हे एकदा बघितलंय. पुन्हा नाही बघणार. काहीतरी कर गंधाली. तिला सोडव."

"मी काय करू, भाऊ? सांगितलं सगळ्यांना. कुणी ऐकत नाही. मी तिला कबूल केलं होतं, काम बंद पडू देणार नाही म्हणून."

"मग बंद कशाला पाडतेस?"

मला कळलं नाही. भाऊ वैतागले. वैतागल्यावर ते हातवारे करतात. "लग्नघरात पोळ्या लाटायला बसलेली बाई आपण होऊन उठते का कधी? मरेस्तोवर लाटेल, पण उठणार नाही. तिच्यापाशी जाऊन दुसरीने म्हणावं लागतं, वहिनी, तुम्ही उठा, मी बसते. मगच ती कंबर धरून उठते. तुझी आई तसली बाई. तिला दहाव्याला सगळ्यांनी काय काय सांगितलं, पण ऊठ म्हणून कुणी म्हणालं का?"

कुणीच म्हणालं नव्हतं.

*

नवी रिबन मिळवायला मला एक अख्खा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, बाहेर चांगलं ऊन असताना, मी आतल्या खोलीत गेले. भाऊ दारात उभे राहिले. मशिनवरचं कव्हर काढलं, रिबन घातली, कागद चढवला.

खुर्ची रिकामी होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि मला एकदम लाज वाटली. आजूबाजूला कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शिकलेली बाई मी.

"आई," मी म्हटलं. "तू ऊठ. मी बसते."

काही झालं नाही.

मी पुन्हा म्हटलं. या वेळी मला रडू आलं, आणि रडत असताना लाज वाटायची थांबली. "खूप झालं गं. ऊठ आता. मी बसते तुझ्या जागी. तुझं काम होईल सगळं, तू काळजी नको करूस. ऊठ."

भाऊ दारातून म्हणाले, "वसू, ऊठ. पोरगी आलीय."

मी बसले. खुर्ची गरम होती.

खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीला तोंड करून आहे, तिथे ऊन कधी येत नाही. खोलीत आदल्या दिवसापासून कुणी बसलं नव्हतं. मी भाऊंकडे बघितलं नाही. बोटं कळांवर ठेवली आणि अ मारला.

माझं टायपिंग वाईट आहे. अक्षरं वाकडी पडली, काही अर्धी, काही दोनदा. पण हाणायचं कसं ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. एकेक अक्षर पानभर मारत गेले. अनुस्वारापर्यंत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि बोटांची टोकं लाल झाली होती. भाऊंनी मधे दोनदा पाणी आणून दिलं.

कागद गोळा करत होते तेव्हा फोन वाजला. निहार.

"मस्त. ठीक केलास ना? आत्ता पत्रक परत काढलं, एकदम ठोस आलंय. पण थोडा वेगळा वाटतोय. र आधी वर असायचा ना? आता खाली बसतोय."

मी हातातला कागद बघितला. मी मारलेले सगळे र ओळीच्या खाली बसले होते.

मी काहीच स्कॅन केलं नव्हतं. कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नव्हता.

खाली जिन्याजवळ सेक्रेटरीने संध्याकाळी नवी नोटीस लावली. भाऊ जाऊन वाचून आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "गेली." मी त्यांच्या शेजारी बसले. तिचं अक्षर आता कुठेही पडणार नव्हतं, मालाडला नाही, मुलुंडला नाही, आमच्या जिन्यातसुद्धा नाही. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि दहाव्यापेक्षाही जास्त रडू आलं. भाऊ त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येत होतं.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई सुरू झाली. फॉन्ट मी पुन्हा विक्रीला ठेवला. लोकांना नवं वळण आवडलं. जरा ओबडधोबड आहे, पण जीव आहे म्हणतात. सगळीकडे दिसतो. संध्याकाळी मला थकवा येतो. कामं वाढली आहेत, दुसरं काही नाही.

काल मी टेबलापाशी बसले होते. भाऊ स्वयंपाकघरातून वाटीत खोबरेल तेल कोमट करून घेऊन आले, स्टूल ओढून माझ्यापुढे बसले, गुडघ्यावर जुना नॅपकिन पसरला आणि माझा उजवा हात त्यावर घेतला.

"हे काय भाऊ?"

"असू दे."

"मला काही झालेलं नाही."

त्यांनी तेलात बोट बुडवलं आणि माझी करंगळी मुळापासून वर चोळायला घेतली, हळूहळू, सवयीच्या हाताने. बराच वेळ ते खाली मान घालून तेच करत होते.

"परवापासून तू कप डाव्या हाताने उचलतेयस," भाऊ म्हणाले.